संवाहक बहुवारिकांतील भारवाहक आणि विद्युत्-रासायनिक डोपिंग : एका प्रदीर्घ वादाचा आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

बहुवारिके ही विजेची रोधक असतात हा समज विसाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणापर्यंत इतका रुजलेला होता की, तारांवरील वेष्टण आणि दिव्यांच्या बटणांचे साचे ह्यांपलीकडे विद्युत्शास्त्रात ह्या पदार्थांस काही स्थान मिळेल, अशी अपेक्षा फारशी कोणी बाळगली नव्हती. १९७७ साली पॉलिॲसिटिलीन ह्या बहुवारिकाचे चकचकीत पटल हॅलोजनांच्या बाष्पात ठेवले असता त्याची संवाहकता लक्षावधी पटींनी वाढते असे जाहीर झाले, आणि त्यातून जे नवे शास्त्र उभे राहिले त्याने पुढील चार दशकांत विद्युत्घट, जैवसंवेदक, रंग पालटणाऱ्या काचा, कृत्रिम स्नायू आणि मज्जातंतूंशी संधान बांधणारी उपकरणे एवढा पल्ला गाठला.

उपयोगांची ही यादी वाढत गेली, तरी तिच्या मुळाशी असलेले तीन प्रश्न मात्र अद्याप पुरते निकालात निघालेले नाहीत. ह्या पदार्थांतून वीज वाहून नेणारा तो कोण, हा पहिला प्रश्न. विद्युत् अग्राच्या द्वारे पदार्थात घातलेला भार तेथे कोणत्या स्वरूपात साठतो, हा दुसरा. आणि त्याच्या शिरकावाचा वेग कोणाच्या हाती असतो, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाचा विचार मुख्यतः घनस्थिती-भौतिकीच्या अभ्यासकांनी केला, दुसऱ्याचा विद्युत्-रसायनशास्त्रज्ञांनी आणि तिसऱ्याचा उपकरणे घडविणाऱ्यांनी. त्यामुळे तिघांची दप्तरे वेगळी राहिली व एकाच्या दप्तरातील पुरावा दुसऱ्याच्या नजरेस उशिरा आला. ह्या तिन्ही प्रश्नांवरील मतांची पूर्वपीठिका सांगणे, प्रत्येक पक्षाची बाजू त्याच्या पुराव्यासह मांडणे आणि तूर्त काय अनिर्णीत आहे त्याचा तपशील देणे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

२. पूर्वपीठिका

ह्या विषयाची पहिली नोंद १८६२ सालची आहे. लंडन हॉस्पिटलच्या महाविद्यालयातील हेन्री लेथबी ह्यांनी गंधकाम्लातील ॲनिलीनच्या द्रावणातून वीज सोडली, तेव्हा प्लॅटिनमच्या धनाग्रावर निळसर काळा थर जमला. आज ज्यास पॉलिॲनिलीन म्हणतात तोच हा पदार्थ. परंतु बहुवारिक ही कल्पनाच तेव्हा जन्मास आलेली नसल्याने ह्या निरीक्षणाचा पाठपुरावा झाला नाही. त्यानंतर शतकभराने, १९६३ साली, ऑस्ट्रेलियात बोल्टो, मॅकनील व वाइस ह्यांनी आयोडीनयुक्त पॉलिपायरोलची संवाहकता मोजून प्रसिद्ध केली. तिचेही महत्त्व त्या वेळी ध्यानात आले नाही. इतिहास लिहिताना ह्या दोन नोंदी अग्रक्रमाने दाखल केल्या पाहिजेत.

१९७७ च्या शोधाची कथा टोकियोत सुरू होते. हिदेकी शिराकावा काम करीत असलेल्या प्रयोगशाळेत १९६७ साली ठरल्यापेक्षा सुमारे हजारपट उत्प्रेरक वापरला गेल्याने पॉलिॲसिटिलीनची भुकटी न मिळता सलग पटल मिळाले. पुढे ॲलन मॅकडायर्मिड ह्यांनी जपानच्या भेटीत ते पटल पाहिले, शिराकावांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पाचारण केले, आणि भौतिकीतज्ज्ञ ॲलन हीगर ह्यांच्या सहकार्याने २३ नोव्हेंबर १९७६ रोजी त्या पटलास ब्रोमीनची बाष्पे लागू देताच संवाहकता काही मिनिटांत सुमारे एक कोटी पटींनी वाढली. ह्या तिघांस २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र १९७९ हे वर्ष अधिक निर्णायक ठरते. त्या वर्षी पेनसिल्व्हेनियाच्याच गटाने बाष्पाऐवजी विद्युत् अग्र व क्षारांचे द्रावण वापरून पॉलिॲसिटिलीनचे डोपिंग (भार घालून संवाहकता आणण्याची ही क्रिया) घडवून आणले, आणि कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत डिआझ, कानाझावा व गार्डिनी ह्यांनी पायरोलचे विद्युत्-रासायनिक बहुवारिकीकरण करून मजबूत, संवाहक पटले तयार केली. बाष्पाने केलेले डोपिंग किती झाले ते मागाहून तपासावे लागे. ह्या नव्या रीतीत डोपिंगची पातळी विद्युत् दाबाने हवी तशी चढवता-उतरवता येऊ लागली आणि किती भार आत गेला ह्याचा हिशेब प्रवाहाच्या नोंदीवरून थेट मिळू लागला. ह्याच सोयीमुळे पुढील सर्व वाद प्रयोगाच्या कक्षेत आले.

३. डोपिंगमध्ये नेमके काय घडते

डोपिंग हा शब्द सिलिकॉनच्या शास्त्रातून उसना घेतलेला असला, तरी दोन्ही ठिकाणच्या घटनांत मूलतः भेद आहे. सिलिकॉनमध्ये लक्षावधी अणूंमागे एखादा परका अणू स्फटिकाच्या जाळ्यातील जागा पटकावतो व तेथे कायमचा राहतो. संवाहक बहुवारिकात साखळीतील कोणत्याही अणूची जागा परका अणू घेत नाही. साखळीतून इलेक्ट्रॉन काढून घेतला जातो, म्हणजे तिचे ऑक्सिडीकरण होते, आणि तिच्यावर आलेल्या धन भाराची भरपाई करण्यासाठी द्रावणातील ऋण आयन साखळ्यांच्या मधल्या जागेत येऊन बसतो. उलट दिशेने दाब दिला की इलेक्ट्रॉन परत येतो व आयन निघून जातो. प्रमाणही अगदी निराळे आहे : पॉलिपायरोलमध्ये दर तीन-चार वलयांमागे एक भार, म्हणजे एक आयन, अशी सर्वसाधारण पातळी असते. इतक्या गर्दीत आयन हा केवळ पाहुणा राहत नाही. साखळ्यांमधील अंतर, त्यांची मांडणी, द्रावकाचे प्रमाण आणि पटलाची जाडी ही सर्व त्याच्या येण्याजाण्याने बदलतात.

ह्या सर्वसाधारण चित्रास एक महत्त्वाचा अपवाद आहे. पॉलिॲनिलीनच्या एमराल्डीन ह्या मध्यम ऑक्सिडीभूत रूपास अम्लाचा स्पर्श झाला की इलेक्ट्रॉनांची संख्या मुळीच न बदलता, केवळ प्रोटॉन ग्रहण करून ते संवाहक बनते. ऑक्सिडीकरण व डोपिंग हे शब्द सरसकट समानार्थी मानता येत नाहीत, हे ह्या एका दाखल्यावरून स्पष्ट व्हावे.

४. पहिला प्रश्न : भारवाहक कोण?

पॉलिॲसिटिलीनच्या साखळीत कार्बन अणूंमधील बंध एकाआड एक आखूड व लांब असतात. सर्व बंध समान लांबीचे असते तर ती साखळी धातूप्रमाणे वागली असती. परंतु अशी एकमितीय समान रचना स्थिर राहू शकत नाही, हे रुडॉल्फ पायर्ल्स ह्यांनी १९५० नंतरच्या दशकातच दाखविले होते. बंध आळीपाळीने आखूड-लांब झाल्याने संयुजा पट्ट व संवहन पट्ट ह्यांच्या दरम्यान सुमारे दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टचा ऊर्जाभेद निर्माण होतो आणि शुद्ध पदार्थ अर्धसंवाहक ठरतो. मग डोपिंगनंतर येणारा भार सामान्य अर्धसंवाहकातल्याप्रमाणे ह्या पट्टांतून मुक्तपणे का हिंडू नये?

ह्याचे पहिले विधायक उत्तर १९७९ साली सू, श्रीफर व हीगर ह्यांनी दिले. पॉलिॲसिटिलीनमध्ये दुहेरी बंधांच्या दोन मांडण्या संभवतात व दोहोंची ऊर्जा सारखीच असते. साखळीच्या एका भागात एक मांडणी व दुसऱ्या भागात दुसरी असेल, तर मधल्या सांध्यावर एक विसंगती राहते, तिला त्यांनी सॉलिटॉन म्हटले. रांगेत उभ्या असलेल्या मुलींनी फुगडीसाठी शेजारणीचा हात धरून जोड्या लावल्या आणि मध्येच एक मुलगी एकटी उरली, तर ती लगतच्या जोडीतील जवळच्या मुलीचा हात धरील तेव्हा त्या जोडीतील दुसरी एकटी पडेल. मुली जागच्या जागी राहतील, परंतु एकटेपणा दोन जागा पुढे सरकेल. सॉलिटॉनचे सरकणे ह्याच जातीचे आहे, फक्त ती विसंगती एका अणूपुरती नसून सुमारे चौदा कार्बन अणूंवर पसरलेली असते. तिचा विशेष असा की, ती निर्भार असताना तिच्या ठायी एका इलेक्ट्रॉनाचे परिवलन, आणि म्हणून चुंबकीय गुण, असतो. भारित झाली की परिवलन लोप पावते. मध्यम डोपिंग झालेले पॉलिॲसिटिलीन चांगले संवाहक असूनही भारवाहकांच्या संख्येच्या मानाने त्याचा चुंबकीय प्रतिसाद अत्यल्प आढळला, हा ह्या सिद्धान्ताचा सर्वांत भक्कम पुरावा मानला गेला.

परंतु पॉलिपायरोल, पॉलिथायोफीन आदी वलययुक्त बहुवारिकांत बंधांच्या दोन मांडण्यांची ऊर्जा समान नसते, म्हणून तेथे सुटा सॉलिटॉन टिकू शकत नाही. त्यांच्यासाठी ब्रेदास, चान्स, सिल्बी, स्ट्रीट प्रभृतींनी १९८२ ते १९८५ ह्या काळात पोलरॉन व बायपोलरॉन ह्यांचे चित्र मांडले. साखळीतून एक इलेक्ट्रॉन गेला की काही वलयांपुरती बंधरचना विकृत होते. भार व त्याने घडविलेली ही विकृती ह्यांचे संयुक्त रूप म्हणजे पोलरॉन, ज्यास एक भार व अर्धे परिवलन असते. डोपिंग वाढले की दोन पोलरॉन एकाच विकृतीत सामावतात, कारण विकृती एकदाच घडवावी लागल्याने होणारी ऊर्जेची बचत दोन समान भारांच्या प्रतिकर्षणाहून अधिक असते, असा ह्या पक्षाचा दावा आहे. ह्या जोडीस बायपोलरॉन म्हणतात आणि तीत परिवलन नसते. सॅन होझे येथे १९८३ साली पॉलिपायरोलच्या संवाहक पटलात चुंबकीय अनुस्पंदनाचा संकेत आढळला नाही, तेव्हा ह्या चित्रास बळकटी आली. ग्रनोबल येथील गटाने १९८५ साली विद्युत् दाब पायरी-पायरीने वाढवीत परिवलनांची मोजणी केली आणि संख्या आधी वाढते व पुढे घटते असे दाखविले. मात्र त्यांच्या हिशेबात पोलरॉन व बायपोलरॉन ह्यांच्यातील ऊर्जेचा फरक जवळजवळ शून्य निघाला, ही बाब पुढील वादाची नांदी ठरली.

ह्या चित्रावर तीन बाजूंनी आक्षेप आले. पहिला आक्षेप लहान रेणूंच्या अभ्यासातून आला. मिनेसोटा विद्यापीठात मिलर व मान ह्यांच्या गटाने १९९२ च्या सुमारास दाखविले की थायोफीनच्या आखूड साखळ्यांचे एकभारी आयन द्रावणात एकमेकांवर समोरासमोर बसून परिवलनहीन जोड्या बनवितात. म्हणजे परिवलन नाहीसे होणे हा बायपोलरॉनचा निर्विवाद पुरावा राहत नाही, ते दोन साखळ्यांवरील दोन पोलरॉनांच्या जोडणीनेही नाहीसे होऊ शकते. दुसरा आक्षेप असा की, साखळी पुरेशी लांब असेल तर तिच्यावरील दोन भार एकत्र न राहता दूर दूर राहणे पसंत करतात. आइंटहोवन येथील यान्सेन व सहकाऱ्यांनी बारा वलयांपर्यंतच्या थायोफीन साखळ्यांच्या वर्णपटांवरून १९९८ साली हा मुद्दा मांडला. तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. पोलरॉन झाल्यावर ऊर्जाभेदाच्या आत दोन नव्या पातळ्या येतात हे जुने चित्र इलेक्ट्रॉनांमधील परस्पर-प्रतिकर्षण जवळजवळ वगळून काढलेले होते. ते जमेस धरले तर भरलेली पातळी वर येण्याऐवजी खाली राहते आणि केवळ रिकामी पातळी ऊर्जाभेदात येते, असे बर्लिनचे गेओर्ग हायमेल व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१५-१६ च्या सुमारास प्रतिपादिले. तसे असेल तर तीन दशकांत जमा झालेल्या वर्णपटांतील रेषांचा अर्थ नव्याने लावणे प्राप्त होते.

अलीकडील दाखला पेडॉट ह्या बहुचर्चित बहुवारिकाचा आहे. २०१४ साली स्वीडनमधील लिंकपिंग विद्यापीठाच्या गटाने त्याच्या सुव्यवस्थित नमुन्यांस अर्धधातू म्हटले आणि त्याचे कारण बायपोलरॉनांच्या परस्परांशी जोडलेल्या जाळ्यात शोधले. त्याच विद्यापीठातील झोझुलेंको प्रभृतींनी २०१९ साली आधुनिक गणनपद्धतींनी पेडॉटच्या वर्णपटाची फेरतपासणी करून प्रचलित पातळी-चित्र सुधारण्याची आवश्यकता दाखविली. कमी डोपिंगच्या अवस्थेत पोलरॉन हाच मुख्य वाहक, ह्याविषयी आता फारसे दुमत नाही. अधिक डोपिंगच्या अवस्थेतील परिवलनहीन वाहक म्हणजे एका साखळीवरील बायपोलरॉन, दोन साखळ्यांवरील पोलरॉन-जोडी, की दोहोंचे मिश्रण, ह्याचा फैसला नमुन्यागणिक बदलतो.

५. दुसरा प्रश्न : भार साठतो कसा?

विद्युत् दाब ठराविक गतीने चढवीत-उतरवीत प्रवाहाची नोंद घेतली की सामान्य रासायनिक पदार्थ ठराविक दाबावर एक टोकदार शिखर दाखवितो. संवाहक बहुवारिक मात्र प्रथम एक रुंद शिखर व त्यापुढे लांबवर पसरलेले सपाट पठार दाखविते. ह्या पठाराचा अर्थ काय, हा वाद १९८४ पासून चालू आहे.

त्या वर्षी ब्रुकहेवन प्रयोगशाळेचे स्टीफन फेल्डबर्ग ह्यांनी पॉलिपायरोलच्या नोंदींचा नवा अन्वय सुचविला. पटल एकदा संवाहक झाले की ते सच्छिद्र धातूसारखे वागते, त्याच्या अंतर्भागातील प्रचंड पृष्ठभागावर धारित्राप्रमाणे भार साठतो, आणि पठारातील प्रवाह हा रासायनिक परिवर्तनाचा नसून अशा धारितेचा आहे, असे त्यांचे म्हणणे. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, बहुवारिकात साखळ्यांच्या लांबी असमान असतात, एकाच साखळीवर अनेक भार क्रमाक्रमाने येतात व प्रत्येक नव्या भारास आधीच्या भारांचे प्रतिकर्षण सोसावे लागते. त्यामुळे अनेक ऑक्सिडीकरण-अवस्था परस्परांवर पसरून शिखराचे पठार होते, त्यासाठी निराळी धारिता कल्पिण्याचे कारण नाही. फ्रायबुर्गचे युर्गेन हाइन्त्झ ह्यांनी २०१० साली सहलेखकांसह लिहिलेल्या विस्तृत समालोचनात ही बाजू सविस्तर मांडली आहे.

दोन्ही पक्षांस अनुकूल असा पुरावा उपलब्ध आहे. पेडॉट व पॉलिस्टायरीन-सल्फोनेट ह्यांच्या मिश्रणात साठणारा भार पृष्ठफळाच्या प्रमाणात न वाढता घनफळाच्या प्रमाणात वाढतो, व दर घन सेंटिमीटरास सुमारे ४० फॅरड एवढी धारिता आढळते. हे धारिता-पक्षाच्या भाषेत सहज सांगता येते. उलट भार वाढताना वर्णपट बदलतो, परिवलनांची संख्या बदलते, बंधांची लांबीही बदलते. ही सारी रासायनिक परिवर्तनाची लक्षणे होत. २०१७ साली ट्युब्रांट, झोझुलेंको व बेरिग्रेन ह्यांनी असे प्रतिमान मांडले की त्यात साखळीवरील भाराचे रासायनिक वर्चस् आणि त्याच्या समोर बसलेल्या आयनाचा विद्युत् थर ही एकाच समीकरणातील दोन पदे होतात. ह्या दृष्टीने पाहता साखळीवर आलेला प्रत्येक भार हा एकाच वेळी ऑक्सिडीकरणही असतो आणि धारित्राचे एक पानही. दोन पक्षांतील अंतर पूर्वी वाटत होते तेवढे नाही.

तरी एक गुंता उरतो. डोपिंग होताना जो दाब लागतो त्याहून बराच निराळा दाब ते काढून घेताना लागतो, आणि बराच काळ रिकाम्या, म्हणजे डोपिंगविना, ठेवलेल्या पटलाचे पहिले आवर्तन पुढील आवर्तनांहून वेगळे येते. ह्याचा खुलासा तीन प्रकारे केला जातो. स्पेनमधील तोरिबिओ ओतेरो ह्यांच्या मते रिकामे पटल आकुंचून घट्ट बसते व त्याच्या साखळ्यांस पुन्हा सैल होण्यास वेळ व ऊर्जा लागते; हाइन्त्झ ह्यांच्या मते भारित साखळ्यांत प्रतिवर्ती रासायनिक बंध तयार होतात व ते तुटण्यास अधिक दाब लागतो; आणि आणखी काहींच्या मते काही आयन पटलात अडकून पडतात. तिन्ही खुलासे परस्परविरोधी नाहीत. कोणत्या पदार्थात कोणाचा वाटा किती, हे मात्र ठरलेले नाही.

६. तिसरा प्रश्न : वेग कोणाच्या हाती?

आयनांचा जमाखर्च मांडण्याचे एक नेमके साधन १९८४ साली हाती आले. कॉफमन, कानाझावा व स्ट्रीट ह्यांनी कंप पावणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकावर पॉलिपायरोलचे पटल चढवून डोपिंग चालू असतानाच त्याचे वजन केले. स्फटिकाच्या कंपनसंख्येतील अतिसूक्ष्म फरकावरून आत कोण आले व बाहेर कोण गेले हे ओळखता येऊ लागले. त्यातून असे दिसले की भरपाई नेहमी ऋण आयनच करतो असे नाही. परक्लोरेट वा क्लोराइड ह्यांसारखे लहान आयन ये-जा करतात. पण डोडेसिलबेंझीन सल्फोनेटसारखा मोठा आयन घडणीच्या वेळीच पटलात गुंतून बसला, तर तो बाहेर पडू शकत नाही व क्षपण होताना, म्हणजे इलेक्ट्रॉन साखळीत परत येताना, द्रावणातील धन आयनास आत यावे लागते. पटल कोणत्या वेळी फुगेल व कोणत्या वेळी आक्रसेल हे ह्यावरच ठरत असल्याने कृत्रिम स्नायूंचे सारे तंत्र ह्या जमाखर्चावर उभे आहे.

इलेक्ट्रॉन चपळ व आयन मंद, म्हणून डोपिंगचा वेग आयनाच्या चालीने ठरतो, ही धारणा दीर्घकाळ गृहीत धरली गेली. पटलाच्या रंगबदलाची सीमा सरकताना पाहून तिचा वेग मोजण्याचे प्रयोग झाले. २०१३ साली स्टाव्हरिनिडू, मालियारास प्रभृतींनी ह्याच रीतीने पेडॉटच्या मिश्रणात आयनांची गतिशीलता थेट मोजली व ती पाण्यातील गतिशीलतेच्या तोडीची आढळली. पाण्याने फुगलेल्या पटलात आयन इतके मोकळेपणी फिरत असतील, तर अडथळा त्यांचाच मानण्याचे कारण काय, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. २०२३ साली केंब्रिजच्या स्कॉट कीन व सहकाऱ्यांनी डोपिंगची सीमा प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहून असे दाखविले की, कमी डोपिंगच्या अवस्थेत वेग मर्यादित करणारा घटक आयन नसून साखळीवरील धन भारवाहक हाच असू शकतो. कारण रिकामी साखळी मुळात कुसंवाहक असते व विद्युत् अग्रापासून दूर भार पोचविण्यास तिलाच वेळ लागतो. घट्ट, कोरड्या पटलांत आणि मोठ्या आयनांच्या बाबतीत जुनी धारणा अद्याप लागू पडते. म्हणून ह्या प्रश्नाचे उत्तर फुगवणीचे प्रमाण, आयनाचा आकार, पटलाची जाडी व डोपिंगची पातळी ही सांगितल्यावाचून देता येत नाही.

७. भार वाढला म्हणजे संवाहकता वाढते काय?

भारवाहकांची संख्या व त्यांची चाल ह्यांच्या गुणाकारावर संवाहकता अवलंबून असल्याने डोपिंग वाढवीत गेले की ती वाढतच जाईल असे प्रथमदर्शनी वाटते. मॅसॅच्युसेट्स येथील मार्क राइटन ह्यांच्या गटाने १९८४-८५ साली अत्यंत जवळजवळ बसविलेल्या सोन्याच्या सूक्ष्म अग्रांवर बहुवारिकाचा पूल बांधून दाबागणिक संवाहकता मोजली, तेव्हा पॉलिॲनिलीन एका दाबापर्यंत रोधक, मध्ये एका टप्प्यात संवाहक व त्यापलीकडे पुन्हा रोधक असल्याचे आढळले. संवाहकतेच्या अशा बदलाचा उपयोग संवेदकांत होतो, मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये ए. क्यू. काँट्रॅक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली संवाहक बहुवारिकावर आधारित जैवसंवेदक प्रसिद्ध केला, तो ह्याच परंपरेतील आहे.

संवाहकतेच्या ह्या मधल्या टप्प्याचा एक अर्थ असा लावला जातो की, भार एका जागेवरून दुसरीकडे जाण्यास भरलेली व रिकामी अशा दोन्ही प्रकारच्या जागा लागतात, म्हणून अर्ध्या ऑक्सिडीकरणाशी संवाहकता सर्वाधिक असते. नॉर्थ कॅरोलायनाच्या चिडसी व मरे ह्यांनी १९८६ साली ह्या विचारसरणीची मांडणी केली. दुसरा पक्ष वाहकांच्या पट्टातील मुक्त संचारावर भर देतो आणि अत्युच्च डोपिंगला होणारी घट साखळीची रासायनिक हानी वा परिवलनहीन वाहकांची जडता ह्यांवर सोपवितो. धातूसदृश अवस्थेविषयीही असेच दोन मतप्रवाह राहिले : हीगर ह्यांच्या मते अव्यवस्था संपूर्ण पदार्थात सारखी पसरलेली असते, तर ओहायोचे आर्थर एप्स्टाइन ह्यांच्या मते सुव्यवस्थित धातुमय बेटे अव्यवस्थित प्रदेशाने वेगळी झालेली असतात. ताणून सरळ केलेल्या पॉलिॲसिटिलीनमध्ये १९८७ साली दर सेंटिमीटरास एक लाख सीमेन्सच्या घरातील संवाहकता नोंदली गेली, तांब्याची सुमारे सहा लाख आहे; आणि २००६ साली क्वांगही ली, हीगर आदींनी पॉलिॲनिलीनचे असे नमुने सादर केले की त्यांची वागणूक अस्सल धातूची होती. दोन्ही दाखले हेच सांगतात की साखळ्यांची मांडणी सुधारली म्हणजे वाहकाचे स्वरूपही बदलते.

८. निकालात निघालेला एक वाद

ह्या क्षेत्रातील वाद मिटतच नाहीत असा समज होऊ नये, म्हणून एक उलट उदाहरण नोंदवितो. १९९५ साली पेई, हीगर व सहकाऱ्यांनी प्रकाश देणाऱ्या बहुवारिकात आयन मिसळून एक नवा विद्युत्-रासायनिक दिवा बनविला. दोन अग्रांपासून विरुद्ध प्रकारचे डोपिंग वाढत येते व मध्ये त्यांची संधी होऊन तेथे प्रकाश निघतो, असा त्यांचा खुलासा होता. केंब्रिजच्या डीमेलो, फ्रेंड प्रभृतींनी १९९८ साली निराळा खुलासा दिला : आयन फक्त अग्रांशी गोळा होऊन भाराचा प्रवेश सुकर करतात, आतील भागात डोपिंग होतच नाही. बारा वर्षांच्या चर्चेनंतर २०१० साली व्हान रेनेन, केमेरिंक, एडमन आदींनी दाखविले की अग्रातून भार आत शिरणे सुलभ असेल तर पहिले चित्र प्रत्ययास येते, दुर्घट असेल तर दुसरे. दोन्ही पक्षांची निरीक्षणे खरी होती, त्यांच्या शर्ती वेगळ्या होत्या.

९. उपसंहार

आजची स्थिती थोडक्यात अशी आहे. भार व विकृती ह्यांचे संयुक्त रूप हाच वाहक, ह्याबद्दल मतैक्य आहे. अल्प डोपिंगला तो पोलरॉन असतो हेही मान्य आहे. साठलेल्या भारास रासायनिक म्हणावे की धारितेचा, हा वाद एका समान सूत्राकडे येत आहे. अनिर्णीत राहिलेल्या बाबी चार : उच्च डोपिंगच्या परिवलनहीन वाहकाचे स्वरूप, चढत्या व उतरत्या दाबांतील तफावतीचे कारण, कोणत्या मर्यादेपर्यंत आयन व कोणत्या मर्यादेनंतर वाहक वेग ठरवितो ती सीमारेषा, आणि इलेक्ट्रॉन साखळीत घालून केलेल्या ऋण डोपिंगची पाणी व हवा ह्यांच्या सान्निध्यातील अस्थिरता, जिच्यामुळे ह्या चर्चेचा तो भाग प्रयोगांत मागे राहिला आहे.

ह्या चारही बाबींच्या मुळाशी एकच अडचण दिसते, आणि तिच्याविषयी आढावा घेणाऱ्याने स्पष्ट मत देणे हे त्याचे कर्तव्य ठरते. पॉलिपायरोल हे नाव धारण करणारे दोन प्रयोगशाळांतील दोन नमुने साखळीची लांबी, आयन, द्रावक, जाडी व पूर्वेतिहास ह्यांत इतके भिन्न असतात की त्यांच्यावरील निष्कर्षांची तुलना ही पुष्कळदा दोन निराळ्या पदार्थांची तुलना असते. साखळीवरील भार व त्याची भरपाई करणारा आयन ह्यांना स्वतंत्रपणे अभ्यासून वाहकाचे स्वरूप कळणार नाही, कारण वाहक हा त्या दोघांच्या परस्परसंबंधातून घडतो. म्हणून यापुढे एकाच नमुन्यावर, एकाच विद्युत् दाबाला, वर्णपट, परिवलनांची संख्या, वजन व संवाहकता ही चारही मोजमापे एकसमयी घेतली जावीत आणि नमुन्याची संपूर्ण कैफियत प्रत्येक निबंधासोबत दिली जावी, अशी ह्या क्षेत्रात काम करणाऱ्या सर्वांस विनंती आहे. विशेषतः आपल्याकडील विद्यापीठांतून ह्या विषयात नव्याने प्रवेश करणाऱ्या संशोधकांनी ही शिस्त पहिल्या प्रयोगापासून अंगीकारली, तर उरलेल्या चार प्रश्नांच्या सोडवणुकीत त्यांचा वाटा मोलाचा ठरेल.